कवडशांतील कण आणि पेशींतील रेणु

दुपारच्या वेळीं माजघरांत कौलांच्या फटींतून उन्हाचा कवडसा पडतो, आणि त्या तिरप्या प्रकाशांत असंख्य धूलिकण वरखालीं नाचतांना दिसतात. कवडसा सरकला कीं ते दिसेनासे होतात. कण कोठें गेलेले नसतात; खोलींत ते सर्वत्र आहेतच. आमच्या जुन्या ग्रंथकारांनीं या कणास त्रसरेणु असें नांव दिलें असून, मनुस्मृतींत वजनांचें कोष्टक सांगतांना त्यालाच पहिलें परिमाण मानिलें आहे. डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तूंत सर्वांत लहान ती ही, असा तो हिशेब होता.

हा कण भर उजेडांत दिसत नाहीं आणि अंधारांतहि दिसत नाहीं. तो स्वतः उजळलेला असावा आणि त्याच्या पाठीमागें काळोख असावा, असा योग जुळला तरच त्याचें दर्शन घडतें. आधुनिक जीवशास्त्रांतील एक अत्यंत नाजूक विद्या नेमकी याच योगावर उभी आहे. जिवंत पेशींत वावरणारा प्रथिनाचा एकच रेणु हुडकून काढणें, आणि तो कोणत्या वाटेनें जातो, कोठें थांबतो, कोणाशीं जोडला जातो हें प्रत्यक्ष पाहणें, ही ती विद्या होय. आरंभींच एक खुलासा केलेला बरा. त्रसरेणूचें नांव घेतलें म्हणून ही विद्या आपल्या पूर्वजांस अवगत होती असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. तसें म्हणण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. कवडसा पाहणें हें एक आणि तो यंत्रांत बांधणें हें दुसरें. यांमध्यें अपार परिश्रम आहेत, आणि ते ज्यांनीं केले त्यांचें श्रेय त्यांसच दिलें पाहिजे.

प्रथिन म्हटलें कीं आमच्या गृहिणींस डाळ, दूध, शेंगदाणे यांची आठवण व्हावी हें साहजिक आहे. परंतु अन्नांतील हें द्रव्य शरीरांत जाऊन ज्या रूपांनीं नांदतें तीं रूपें म्हणजे पेशीचे कारागीर होत. कोणी ओझीं वाहतो, कोणी बाहेरचा निरोप आंत पोंचवितो, कोणी आनुवंशिक द्रव्याच्या लांबच लांब धाग्यावर बसून अमुक गुण प्रकट होऊं द्यावा कीं नाहीं याचा निर्णय करतो. मिलिमीटराचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. हे कारागीर साधारणपणें चार-पांच नॅनोमीटर, कोणी थोडे मोठे, असे असतात.

सूक्ष्मदर्शकांतून ते कां दिसूं नयेत? जर्मनींतील येना येथील अर्न्स्ट आबे यांनीं १८७३ सालींच याचें उत्तर देऊन ठेविलें आहे. प्रकाश लहरींचा बनलेला आहे. दोन बिंदूंमधील अंतर लहरीच्या लांबीच्या सुमारें निम्म्याहून कमी झालें कीं कितीहि उत्तम भिंग घेतलें तरी त्यांचा एकच डाग होतो. दृश्य प्रकाशाच्या हिशेबानें ही मर्यादा सुमारें २०० नॅनोमीटर येते. म्हणजे ज्या अंतरांत कांहींच वेगळें ओळखूं येत नाहीं, त्यांत आमचे पन्नास कारागीर एकापुढें एक उभे राहतील. इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्मदर्शकानें याहून पुष्कळ बारीक दिसतें हें खरें, पण त्यासाठीं पेशी निर्वात जागेंत ठेवावी लागते. मेलेल्या पेशींत सारें कांहीं दिसतें. चालतांना मात्र कोणी दिसत नाहीं.

पण एकाच रेणूला पाहण्याचा एवढा अट्टाहास कशासाठीं? कोट्यवधि रेणु एकत्र घेऊन त्यांचा वेग, त्यांचें बळ मोजतां येतेंच कीं! आमचें उभें आयुष्य वर्गांत गेलें असल्यामुळें आम्हांस याचें उत्तर शाळेंतच सुचतें. गणिताच्या परीक्षेंत वर्गाची सरासरी चाळीस आली असें मुख्याध्यापकांस कळवितां येतें. परंतु अर्ध्या मुलांस सत्तर आणि अर्ध्यांस दहा असे गुण पडले असले तरी सरासरी चाळीसच येते, आणि चाळीस गुण मिळविणारा मुलगा त्या वर्गांत एकहि नसतो. सरासरी खोटें बोलत नाहीं, पण ती कोणाविषयींच बोलत नाहीं. रसायनशास्त्रानें रेणूंविषयीं जें कांहीं शिकविलें तें बहुतेक अशा सरासरींतून काढलेलें होतें. दुसरा उपायच नाहीं अशी थोरामोठ्यांचीहि समजूत होती. १९५२ सालीं श्रोडिंजर यांच्यासारख्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें लिहून ठेविलें कीं, एकट्या इलेक्ट्रॉनावर, अणूवर वा लहान रेणूवर आपण कधींच प्रयोग करीत नाहीं; तसे प्रयोग केवळ विचारांत होतात.

ही समजूत १९८९ सालीं मोडली. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामधील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेंत विल्यम मोर्नर यांनीं काडोर या सहकाऱ्यासह एका स्फटिकांत अडकलेल्या पेंटासीन नामक रंगद्रव्याच्या एकाच रेणूनें प्रकाश गिळल्याची खूण टिपली. पुढच्याच वर्षीं फ्रान्समधील बोर्दो येथें एकट्या रेणूपासून परत आलेला प्रकाशहि पकडण्यांत आला. परंतु हे सर्व निरपेक्ष शून्याच्या आसपासच्या भयंकर थंडींत. जिवंत पेशींत हें साधावयाचें तर दोन गोष्टी हव्या होत्या: रेणूच्या अंगावर बसेल एवढा दिवा, आणि त्याच्या भोंवतीं पुरेसा काळोख.

दिव्याची कथा एका जपानी मनुष्यापासून सुरू होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर अणुबाँब पडला तेव्हां ओसामु शिमोमुरा हा सोळा वर्षांचा मुलगा त्या शहरापासून कांहीं कोसांवर एका कारखान्यांत काम करीत होता. त्या लखलखाटानें सुमारें अर्धा मिनिट त्याला कांहीं दिसेना. घरीं परततांना अंगावर काळा पाऊस पडला. आजीनें त्याला तत्काळ स्नान घातलें. याच शिमोमुरांनीं पुढें समुद्रांतील प्रकाशमान जीवांचा अभ्यास हें आपलें जीवितकार्य केलें. १९६१ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथें त्यांनीं व प्रिन्स्टनच्या फ्रँक जॉन्सन यांनीं सुमारें १०,००० जेलीफिश जाळ्यांनीं गोळा केले. या प्राण्याच्या छत्रीसारख्या शरीराची कडा हिरवट चमकते. त्या कडा कापून, पिळून रस काढावयाचा, आणि प्रकाश देणारें द्रव्य वेगळें करावयाचें. कितीएक दिवस यश येईना. एकदां कंटाळून उरलेला रस त्यांनीं मोरींत ओतला, तों मोरी निळ्या प्रकाशानें उजळून निघाली! मोरींत मत्स्यालयाचें समुद्राचें पाणी येत होतें. त्यांतील कॅल्शियमनें हा चमत्कार केला होता. या मुख्य द्रव्याबरोबर आणखी एक हिरवें प्रथिन थोडेंसें हातीं लागलें, त्याची नोंद त्यांनीं १९६२ च्या निबंधांत जातां जातां केली. पुढें वर्षानुवर्षें उन्हाळ्यांत त्यांचीं पत्नी-मुलेंहि जाळीं घेऊन धक्क्यावर उभीं राहत. घरची सगळी माणसें एका विद्येच्या पाठीं लागलेलीं पाहून आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस कौतुक वाटेल.

त्या हिरव्या प्रथिनाचा गुण असा कीं, त्यावर निळा प्रकाश टाकला कीं तें हिरवा प्रकाश परत देतें. याला प्रतिदीप्ति म्हणतात. बँकेंत नोट जांभळ्या दिव्याखालीं धरली असतां तिच्यांतील कांहीं धागे चमकतात तो हाच प्रकार. यांत मोठी सोय आहे. आंत जाणारा प्रकाश निळा व बाहेर येणारा हिरवा असल्यामुळें, निळा अडविणारी कांच मध्यें धरली कीं मागें काळोख आणि त्यांत फक्त हिरवा ठिपका उरतो. कवडसा तयार झाला! शिवाय हें प्रथिन घडविणारा जीन दुसऱ्या प्राण्याच्या जीनला जोडून दिला तर त्या प्राण्याची पेशी स्वतःच आपल्या प्रथिनांच्या अंगावर हा दिवा लावून देते. तो जीन १९९२ सालीं डग्लस प्रॅशर यांनीं वेगळा काढला. मार्टिन चाल्फी यांनीं १९९४ सालीं जंतूंत व एका बारीकशा कृमींत तो चालवून दाखविला. रॉजर चेन यांनीं त्याला अधिक तेजस्वी केलें व पिवळा, निळा असे रंग आणले. २००८ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी व चेन यांस मिळालें. प्रॅशर यांचें संशोधनाचें अनुदान मागेंच संपलें होतें. प्रयोगशाळा सोडण्यापूर्वीं त्यांनीं तो जीन चाल्फी व चेन यांस विनामोबदला पाठवून दिला होता. पारितोषिक जाहीर झालें त्या वेळीं ते अलाबामा प्रांतांत मोटारींच्या एका दुकानाची गाडी चालवून गिऱ्हाइकांची ने-आण करीत होते. चाल्फी व चेन यांनीं त्यांस सपत्नीक स्टॉकहोमच्या समारंभास नेलें, आणि पुढें कांहीं वर्षें चेन यांच्याच प्रयोगशाळेंत त्यांस काम मिळालें. ज्ञानदान करून रित्या हातानें बाजूस झालेला हा मनुष्य आम्हांस तिघां विजेत्यांइतकाच मोठा वाटतो.

आतां काळोखाविषयीं. पेशी दिव्यांनीं भरलेली असली तर वरचे, खालचे, मधले सर्व ठिपके एकमेकांत मिसळून नुसता हिरवा धुरकटपणा दिसतो. येथें एक जुनी गोष्ट कामास आली. विहिरींत बुडी मारून पाण्याखालून तिरपें वर पाहिलें तर पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, कारण फार तिरपा आलेला प्रकाश पाण्याबाहेर न जातां परत फिरतो. कांचेंतून पाण्याकडे जाणाऱ्या किरणांचेंहि असेंच होतें. मात्र परत फिरतांना त्या प्रकाशाचा एक अत्यंत पातळ पापुद्रा, जाडीनें शंभर-दोनशें नॅनोमीटर, कांचेपलीकडे उतरतो. पेशी कांचेवर टेकलेली असली तर तिच्या तळाचा तेवढाच थर उजळतो. वरची सारी पेशी काळोखांत राहते. डॅनियल ॲक्सेलरॉड यांनीं १९८१ च्या सुमारास पेशींसाठीं ही रीत वापरली. १९९५ सालीं ओसाका येथील तोशिओ यानागिदा व फुनात्सु यांच्या मंडळीनें तिच्याच साहाय्यानें साध्या पाण्यांत, साध्या उष्णमानांत एकेक प्रथिन-रेणु दाखविला. आणि २००० सालीं यानागिदा व साको यांनीं जिवंत मानवी पेशीच्या पृष्ठभागावर हेंच केलें. पेशीस वाढण्याचा निरोप देणाऱ्या एका लहान प्रथिनास त्यांनीं रंगद्रव्याचा दिवा लावला होता. निरोप्या येऊन ग्राहक-प्रथिनाला चिकटे. मग तेथेंच दुसरा निरोप्या येऊन जोडी जमे, आणि निरोप आंत जाई. कित्येक कर्करोगांत हीच ग्राहक-व्यवस्था बिघडलेली असते, म्हणून तिच्यांतील एकेका पायरीस वैद्यकांत महत्त्व आहे.

ठिपका दिसला तरी आबेच्या नियमाप्रमाणें तो अडीचशें नॅनोमीटर रुंद, पसरटच दिसणार. परंतु धुक्यांत पलीकडच्या टेकडीवर एकच दिवा असला, तर त्याचें वलय कितीहि मोठें दिसो, दिवा वलयाच्या मध्यावर आहे हें पोरहि सांगेल. दोन दिवे जवळ असले तर घोटाळा. एकटा असला तर नाहीं. ठिपक्यांतून प्रकाशकण जितके अधिक मिळतील तितका मध्य नेमका सांपडतो. शंभर कणांपेक्षां दहा हजार कण मिळाले तर चूक दहापटीनें कमी होऊन दीड-दोन नॅनोमीटरांवर येते. नियम मोडला नाहीं, त्याला वळसा घातला.

या युक्तीचें फळ कायनेसिन नांवाच्या हमालाच्या बाबतींत मिळालें. आमच्या मणक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतु हाताएवढा लांब नव्हे, जवळजवळ मीटरभर लांब असतो. पण माल तयार होतो मणक्याजवळच्या पेशींत. तो तंतूच्या टोंकाकडे वाहून नेणारें हें प्रथिन १९८५ सालीं वुड्स होल येथें माकूळ या समुद्रजीवाच्या जाड मज्जातंतूंत सांपडलें. त्याला दोन पाय असून, तें पेशींतील नळीसारख्या रुळावर ८ नॅनोमीटरांचीं पावलें टाकतें, आणि पावलागणिक इंधनाचा एक रेणु खर्चितें, हें ठाऊक झालें होतें. वाद होता तो चालीचा. आपण चालतों तसे पाय आळीपाळीनें पुढें पडतात, कीं एक पाय नेहमीं पुढें आणि दुसरा फरफटत मागें? ओझ्याकडे पाहून हें कळणें शक्य नाहीं. दोन्ही चालींत ओझें आठ नॅनोमीटरच सरकतें. २००४ सालीं इलिनॉयमधील पॉल सेल्विन यांच्याकडे अहमत यिल्डिझ प्रभृतींनीं एकाच पायावर दिवा बसविला. पाय फरफटत असेल तर तो आठ-आठ सरकेल. आळीपाळीनें पडत असेल तर एकदां सोळा, मग स्थिर, पुन्हां सोळा. मोजमाप सुमारें १७ आलें. वाद मिटला.

हा प्रयोग कांचेवर, शुद्ध केलेल्या प्रथिनावर झाला होता. पेशीच्या आंतली गर्दी निराळी, आणि सरासरीनें तेथें खरोखर दिशाभूल केली होती. पेशीचें बाह्य पटल स्निग्ध द्रव्याचें असून त्यांत रेणु पोहत असतात. कृत्रिम पटलांत ते जितक्या चपळाईनें फिरतात, त्याच्या कित्येकपट मंदपणें जिवंत पेशीच्या पटलांत सरकतात असें मोजणी सांगे. म्हणून जिवंत पटल जास्त चिकट असावें असा तर्क होई. जपानमधील अकिहिरो कुसुमि यांच्या मंडळीनें एकेका स्निग्ध रेणूला सोन्याचा बारीक कण बांधून सेकंदास ४०,००० चित्रें घेतलीं, आणि २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. रेणु मुळींच मंद नव्हता! तो एका चौकांत भरधांव फिरे, मग एकदम उडी मारून शेजारच्या चौकांत जाई, आणि तेथें पुन्हां भरधांव. उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत हे चौक सुमारें २३० नॅनोमीटरांचे, आणि एकेका चौकांतील मुक्काम सरासरीनें ११ हजारांश सेकंद. पटलाच्या आंतल्या बाजूस प्रथिनांच्या दोऱ्यांचें जाळें आहे, त्याचीं हीं कुंपणें. चारचौकी वाड्यांत पोरें दिवसभर धांवत असतात, पण या टोंकाचें पोर त्या टोंकास पोंचावयास उशीर लागतो, तो पाय जड म्हणून नव्हे, दारें मोजकीं म्हणून.

जंतूच्या पोटांतील शोधाची हकीकतहि अशीच रमणीय आहे. आपल्या आंतड्यांत राहणारा एक जंतु दुधांतील साखर पचविण्याची सामग्री गरज नसेल तेव्हां बंद ठेवतो. हें कुलूप म्हणजे एक प्रथिन. ४६ लक्ष अक्षरांच्या आनुवंशिक धाग्यावर एका नेमक्या जागीं तें जाऊन बसतें. असे रेणु पेशींत थोडे, जागा एक, आणि तरीहि ती सांपडावयास अवघीं कांहीं मिनिटें लागतात. हें कसें? हार्वर्डमध्यें एल्फ, ली व शी या त्रयीनें २००७ सालीं त्या कुलपाला पिवळा दिवा लावून पाहिलें. बसलेला रेणु स्थिर असल्यामुळें ठिपका म्हणून उमटतो. फिरणारा रेणु जुन्या छायाचित्रांत हललेल्या माणसासारखा पुसट होतो. त्याला टिपण्यासाठीं सेकंदाच्या अत्यल्प अंशाचे लेसरचे झोत टाकावे लागले. दिसलें असें कीं, रेणु सुमारें नव्वद टक्के वेळ धाग्याला लगटूनच असतो. पांच हजारांश सेकंदांहून कमी काळ एके ठिकाणीं धाग्यावरून घसरत जातो, सुटतो, दुसरीकडे पकडतो. शब्दकोश पान पान न वाचतां मध्येंच उघडून चार ओळी वाचाव्या, पुन्हां दुसरीकडे उघडावा, तशी ही रीत.

या दर्शनाला किंमत पडते. दिवा अक्षय नव्हे. ठराविक प्रकाशकण दिल्यावर तो कायमचा विझतो, आणि बहुधा रेणु रंगांत आला असतांच विझतो. प्रकाश प्रखर केला तर पेशीलाच इजा होते. शिवाय हिरवा दिवा स्वतःच एक प्रथिन, म्हणजे कारागिराच्या पाठीवर जवळजवळ त्याच्याएवढा दुसरा कारागीर! अशा स्थितींत त्याची चाल नैसर्गिक राहते काय, ही शंका प्रत्येक प्रयोगांत घ्यावी लागते, आणि प्रामाणिक संशोधक ती घेतात. अलीकडे लहान व टिकाऊ रंगद्रव्यें निघालीं आहेत. गटिंगेन येथील श्टेफान हेल यांच्याकडे निघालेल्या मिनफ्लक्स या रीतीनें तर थोड्या प्रकाशकणांतच रेणूचा ठाव लागतो. हेल यांस बेट्झिग व मोर्नर यांच्यासह २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. २०२३ सालीं हायडेलबर्ग येथील मंडळीनें याच रीतीनें कायनेसिनचीं सोळा नॅनोमीटरांचीं पावलें थेट जिवंत पेशींत मोजलीं.

या हमालीच्या कामांत मुंबईचाहि वांटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रूप मल्लिक यांच्या मंडळीनें जिवंत पेशींत, पेशीनें गिळलेल्या सूक्ष्म मण्यांना लेसरच्या चिमट्यांत धरून, त्यांना ओढणाऱ्या प्रथिनांचें बळ एकेका रेणूच्या हिशेबानें मोजलें. हा दिव्यांचा प्रयोग नव्हे, पण गोत्र तेंच. कायनेसिन टोंकाकडे ओढतें, तर डायनीन नांवाचें दुसरें प्रथिन आंतल्या बाजूस. कायनेसिन एकटें बलवान, डायनीन दुबळें व चटकन हात सुटणारें. परंतु २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या मोजणींत असें आढळलें कीं, बलवान कायनेसिनांस संघानें ओढतां येत नाहीं. दुबळीं डायनीनें मात्र जितकीं अधिक जमतील तितकें त्यांचें बळ वाढत जातें. त्याचें कारण त्यांनीं चालींत शोधलें: संघांत पुढें असलेलीं डायनीनें आंखूड पावलें टाकतात आणि मागचीं लांब, त्यामुळें सर्वजण एकमेकांजवळ येतात आणि ओझें वांटलें जातें.